लागलेल्या पोरीचे बूट

६ ऑक्टोबर

आजपासून पुनमची तयारी माझ्या हातात. तिला हिंगोलीच्या अकादमीतून काढलं. तिथले सर पन्नास-साठ पोरं एका शिट्टीवर सोडतात आणि स्वतः मोबाइल बघत बसतात. त्यापेक्षा सख्खा भाऊ काय वाईट? मी पोलीस भरती चार वेळा दिली. चारही वेळा राहिलो आणि शेवटी वय संपलं, ते सोडा. खड्डा नेमका कुठं आहे हे पडलेल्या माणसालाच जास्त माहीत असतं.

अप्पांनी अट घातली आहे. ही एक भरती. लागली तर वर्दी, नाही लागली तर हट्टा गावचं स्थळ. मुलगा विजयकुमार, खताचं दुकान आहे, घरची शेती आहे, माणसं बरी आहेत म्हणतात. पुनमनं फोटो हातात घेतला नाही.

मी म्हणालो, "बघितल्यानं काय लगीन लागत न्हाई."

"दादा, मला छातीवर माझ्या नावाची पाटी पाहिजे," ती म्हणाली. "तिकडं गेल्यावर कोण इचारणार माझं नाव? विजयकुमारची बायको म्हणतील, अन् पुढं अमक्याची माय."

बोलायला लागली की वकील. पण मला पटलं. आमच्या घराण्यात कुणाच्या नावाची पाटी दारावरसुद्धा नाही.

माझी पद्धत साधी आहे. पहाटे जीप काढायची. सेनगावहून हिंगोलीकडं जाणारा नवा सिमेंटचा रस्ता पोळपाटासारखा सपाट आहे. पुनम पुढं पळणार, मी दिव्याच्या उजेडात मागून दुसऱ्या गिअरवर. एक हॉर्न म्हणजे वेग वाढव. दोन हॉर्न म्हणजे आणखी वाढव. थांबण्यासाठी हॉर्न ठेवलेला नाही. उजाडलं की ती घरी, आणि मी पॅसेंजर भरायला स्टँडवर.

९ ऑक्टोबर

नळ्या दुखतात म्हणते. दोन्ही पायांच्या. मी म्हणालो, दुखणारच, लोणी लावून कुणी हवालदार होत नाही.

तिच्यासोबत कधी कधी प्रतिक्षा असते, खालच्या गल्लीतली. तीही भरतीचीच. तिनं मोबाइलवर कुठंतरी बघितलंय की रोज जोरात पळायचं नसतं. आठवड्यातले बरेच दिवस सावकाश पळायचं, इतकं सावकाश की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. आणि त्यासाठी वेगळा, जाड फोमचा बूट लागतो.

मी म्हणालो, "गप्पाच मारायच्या तर वट्ट्यावर बसा की. त्याला बूट कशाला?"

दोघी हसल्या. पण एक गोष्ट खरी, पुनमचे कॅनव्हासचे बूट अंगठ्यापाशी फाटलेत आणि तळ कागदासारखा झालाय. बूट घ्यावे लागतील. पोरगी माझ्या हातात आहे तर तिचे पायही माझ्याच हातात.

१२ ऑक्टोबर

दुपारच्या फेरीला पुनमला जीपमध्ये पुढं बसवून हिंगोलीला नेलं. बुटाचं दुकान हरिचंदचं. तो माझ्या शाळेतला, अजूनही पोट आधी आणि माणूस मागून येतो.

मला वाटलं होतं, जाऊन एक जोडी उचलायची. तिथं भिंतभर बूट. एका फळीवर पातळ तळाचे, हलके, भडक रंगाचे. त्यांना सगळे 'भरतीचे बूट' म्हणतात. मी तेच उचलले. हातात घेतले तर पिसासारखे. मला तेच पसंत पडले.

हरिचंद म्हणाला, "बालाजी, हे परीक्षेच्या दिवशी घाल म्हणावं. रोज सिमेंटवर पळायचं असल तर गादीवाला घे. रोजचा अन् परीक्षेचा बूट एक न्हाई."

"विकायला दोन जोड्या पाहिजेत तुला."

"एकच घे. पण गादीवाला घे."

मग त्यानं बुटाच्या टाचेत अंगठा दाबून दाखवला. फोम आत जायला हवा आणि अंगठा काढला की लगेच वर यायला हवा. आत गेलाच नाही तर बूट दगड, आणि जाऊन तिथंच बसला तर बूट मेला. पुढं बोटांना अंगठ्याएवढी जागा पाहिजे. पंजापाशी वाकला पाहिजे, मधोमध नाही. आणि बूट दुपारनंतरच घ्यावा म्हणे, कारण तोवर पाय फुगलेले असतात. मी म्हणालो, माझं तर बिल बघूनच सगळं अंग फुगतं.

पुनमला पाच-सहा जोड्या घालून दुकानासमोरच्या गल्लीत पळवलं. भाजीवाल्या बायका बघत होत्या. एक टाचेत सैल, एक करंगळीला चावणारा, एक इतका मऊ की पाय आत लटपटत होता. हरिचंद म्हणाला, नुसता मऊही कामाचा नाही, पाय सांभाळणारा मऊ पाहिजे. शेवटी एक राखाडी जोडी निघाली. दिसायला अगदी म्हशीच्या खुरासारखी. मला गुलाबी पाहिजे होती, निदान पोरीचे बूट वाटले असते.

ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली आणि म्हणाली, "दादा, खाली रस्ता हाय का न्हाई तेच कळंना!"

तोंड असं फुललं होतं, जसं लहानपणी जत्रेत फुलायचं. घेतले. येताना सगळ्या पॅसेंजरना तिनं अंगठा दाबून बघायला लावला.

१९ ऑक्टोबर

नळ्यांचं दुखणं गेलं. बूट चांगले आहेत हे मान्य.

पण आज एक गोष्ट खटकली. पुनम आणि प्रतिक्षा पळता पळता गाणं म्हणत होत्या. मी जीपमधून ऐकलं. गाणं म्हणायला दम उरतो म्हणजे पोरगी पुरती पळतच नाही. दोन हॉर्न दिले. गाणं थांबलं.

४ नोव्हेंबर

मोठी बातमी. नरसीची शिवकन्या लागली! आमची मामेबहीण. मागच्या भरतीत प्रतीक्षा यादीत होती, आता प्रशिक्षणाचा हुकूम आला. मामानं पेढे पाठवले. माय पेढा हातात धरून बराच वेळ पुनमकडं बघत राहिली.

आमच्याकडं गेल्या काही वर्षांत एक रीत पडलीय. जो लागला त्याचे बूट पुढच्यानं मागून घ्यायचे. बूट मैदान ओळखतात. माझ्या तिसऱ्या भरतीला मला असे बूट मिळता मिळता राहिले. शेजारच्या पोरानं पहाटेच जाऊन नेले. तो आज नांदेडला हवालदार आहे आणि मी जीपवर. कुणाला अंधश्रद्धा म्हणायचं असेल त्यानं म्हणावं. मी हिशोब बघतो.

उद्याच नरसीला जातो. दुसरं कुणी जायच्या आत.

५ नोव्हेंबर

मिळाले. मीच पहिला.

शिवकन्यानं खाटेखालून काढून दिले. निळे, टाचा एका बाजूनं झिजलेल्या, तळाची नक्षी गेलेली. जरा थांबून म्हणाली, "दादा, ह्यांच्यात आता काय राहिलं न्हाई हो. नुसते देवापुढं ठेवा."

लागल्यावर पोरगी लगेच नम्र झाली. वर्दीचा गुण असतो तो.

मायनं बुटांना हळदीकुंकू लावलं. माप पुनमचंच निघालं, हाही योगच. तिनं पाय घातला, दोन पावलं टाकली आणि म्हणाली, "दादा, कडक हायेत."

"कडक न्हाईत, तयार हायेत. शिवकन्याच्या पायानं घडवलेत."

"रोज माझे घालते, अन् परीक्षेला हे."

"परीक्षेच्या दिवशी बुटाला तुझी वळख कशी पटल मग?"

तिनं निळ्या बुटांची नाडी बांधली. राखाडी बूट मी कपाटावर टाकले. समोर राहिले की पाय लाडावतात.

१० नोव्हेंबर

प्रतिक्षाची चप्पल की बूट, जे काय होतं ते पार फाटलं. पुनम म्हणाली, कपाटावर पडून राहण्यापेक्षा माझी जोडी तिला दे. दिली. मन मोठं आहे पोरीचं. प्रतिक्षानं घेताना दोनदा विचारलं, "अन् तुला?" पुनम म्हणाली, "मला लागलेल्या पोरीचे मिळाले की."

प्रतिक्षा आता आमच्यासोबत पळत नाही. शाळेमागच्या मातीच्या पटांगणावर एकटीच सावकाश फेऱ्या मारते. तिची तिला लखलाभ.

२३ नोव्हेंबर

नळ्या पुन्हा सुरू. बुटाला अजून पाय कळायचेत. माय तिळाच्या तेलानं चोळते. मी वेग कमी केला नाही. अप्पांना हट्ट्याहून फोन येऊन राहिलेत. त्यांना म्हणालो, जरा दम धरा.

अप्पा म्हणाले, "मी धरतो दम. पोरीचं वय धरंल का?"

८ डिसेंबर

फरक पडला. आधी दोन्ही नळ्या वरपासून खालपर्यंत दुखायच्या. आता फक्त डाव्या पायाची, आणि तीसुद्धा एका बोटाएवढी जागा. मी बोट ठेवून बघितलं, नेमकी तिथंच ती ओरडली. म्हणजे दुखणं आटत चाललंय. आधी दुखण्याचा जिल्हा होता, आता एवढासा गाव राहिला, असं मी म्हणालो. ती हसली.

डॉक्टरला दाखवू का, असं मीच विचारलं होतं. पुनम म्हणाली, "डॉक्टर काय म्हणणार? आराम कर म्हणणार. अन् मग अप्पा काय म्हणणार?"

बरोबर आहे. डॉक्टरकडं जाणं म्हणजे अप्पांच्या हातात काठी देणं.

२१ डिसेंबर

गेल्या आठवड्यात एक शब्द तक्रार नाही. मी वाटच बघत होतो ह्या दिवसाची. शरीर आधी रडतं, मग गप्प बसतं, मग कामाला लागतं. मी चारही भरत्यांत रडण्याच्या पायरीवरच राहिलो, म्हणून लागलो नाही. पोरगी माझ्यापुढं गेली.

भात बंद केलाय तिचा. अंग हलकं पाहिजे.

२ जानेवारी

मजा सांगतो. आधी पुनमला जीपमधलं गाणं नको असायचं, लक्ष जातं म्हणायची. आता स्वतःच म्हणते, "दादा, गाणे लाव. मोठ्यानं लाव." पूर्ण आवाजात लावतो. इंजिन, गाणं आणि हॉर्न मिळून असा कल्ला की दुसरं काही ऐकूच येत नाही. थंडी मरणाची, आणि पोरगी घामानं भिजलेली. ह्याला म्हणतात उमेद.

७ जानेवारी

मायनं किरकिर केली. म्हणे, पोरगी हल्ली हौदाच्या पायऱ्या आडव्या पावलांनी उतरते. म्हणे, दुकानातून डोकेदुखीच्या गोळ्या आणते.

मी म्हणालो, "माय, लेखी परीक्षेचा अभ्यास हाय. डोकं दुखणार न्हाई तर काय?"

"डोकं दुखतंय तर पाय काहून चोळून राहिली ती?"

आईच्या जातीला सगळीकडं आजारच दिसतात. मी जेवून उठलो.

१९ जानेवारी

तारीख आली! पुढच्या महिन्यात मैदान. हिंगोलीलाच. आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक. पुनमनं मोबाइलवर प्रवेशपत्र बघितलं आणि देवापुढं जाऊन बसली. उठताना भिंत धरली. उपास होता.

१ फेब्रुवारी

आज ती रस्त्यावर मध्येच थांबली. मी दोन हॉर्न दिले, तीन दिले. पाठमोरीच उभी. गाणं बंद केलं, उतरायला दार उघडलं, तेवढ्यात पुन्हा पळायला लागली. नंतर विचारलं तर म्हणाली, बुटात खडा गेला होता.

मैदानाला आता थोडेच दिवस. मी तिच्यापेक्षा जास्त घाबरलोय, हे इथं लिहितो, कुणाला सांगणार नाही. ही लागली तर माझ्या चार वेळा राहण्याला काहीतरी अर्थ येईल. लोक म्हणतील, बालाजीनं घडवली.

११ फेब्रुवारी

संपलं.

१२ फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, नाहीतर डोक्यातच फिरत राहील.

मैदानात नातेवाइकांना सोडत नाहीत. मी भिंतीबाहेर, बाकीच्या बापभावांसोबत. आतून फक्त शिट्टी ऐकू येते आणि लाउडस्पीकरवरचे नंबर. पुनमचा गट सुटला. मी डोळे मिटून उभा होतो. मग आतला आवाज बदलला. कुणीतरी ओरडलं. मला वाटलं, दुसरी कुणी.

प्रतिक्षा त्याच गटात होती. तिनं सांगितलं. पहिली फेरी पुनम पहिल्या तिघींत होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर कट् असा आवाज झाला. प्रतिक्षा मागं होती, तिला ऐकू आला. वाळलेली काडी मोडावी तसा. पुनम पडली. उठली. उरलेलं अंतर एका पायावर उड्या मारत गेली. मैदानातल्या बाई धावत आल्या, "बस कर" म्हणत होत्या, हिनं त्यांचा हात झटकला. रेघ ओलांडली आणि मग खाली बसली. वेळ कधीच होऊन गेली होती.

दवाखान्यात पायाचा फोटो काढला. डॉक्टरनं तो उजेडात धरला. डाव्या नळीत आरपार चीर.

मी म्हणालो, "सायब, मैदानच खराब असल."

"ही चीर आजची नाही," डॉक्टर म्हणाले. "कडा बघा. हाड कित्येक आठवड्यांपासून चिरत आलंय. आज फक्त पूर्ण झालं. ह्या मुलीला दुखत असणार, आणि भरपूर दुखत असणार. कुणी बघितलं नाही का?"

मी सांगितलं, तिनं काही सांगितलंच नाही. डॉक्टर पुनमकडं बघू लागले. ती खिडकीबाहेर बघत होती.

१५ फेब्रुवारी

घरी आणली. मांडीपर्यंत प्लास्टर.

अप्पा रागावतील वाटलं होतं. रागावले नाहीत. पुनमच्या उशाशी बसले, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झालं ना बाई मनासारखं? केली ना कोशिश?" ती हो म्हणाली. मग अप्पा बाहेर जाऊन हट्ट्याला फोन लावू लागले. पोरगी जरा पडली, लागलंय थोडं, उन्हाळ्यात या, असं काहीतरी बोलत होते.

२७ फेब्रुवारी

शिवकन्याचे बूट अजून दाराआड आहेत. मायनं लावलेलं कुंकू नाडीत लागून आहे.

आज घरात कुणी नव्हतं, तेव्हा टाचेत अंगठा दाबून बघितला. सगळं बळ लावून दाबला. पाटावर दाबल्यासारखा. काहीही आत गेलं नाही, त्यामुळं वर यायचं काही कामच नव्हतं. हरिचंदनं समोर उभं राहून शिकवलं होतं. शिवकन्यानं तोंडानं सांगितलं होतं. पुनमनं पहिल्या पावलाला सांगितलं होतं. मला तीन माणसांनी सांगितलं आणि मी तिघांनाही हसलो. इतकी लाज मला चार वेळा नापास होऊनही वाटली नव्हती.

२२ मार्च

प्रतिक्षा मैदानात पास झाली होती, पण लेखीत राहिली. यादीत नाव नाही. भेटायला आली होती. दोघी जणी दार लावून बसल्या. मला वाटलं रडतील, पण आतून आवाजच आला नाही.

६ एप्रिल

प्लास्टर निघालं. पाय वाळक्या काठीसारखा झालाय. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, पण इतक्यात जोर नको, लंगडेल काही महिने, लंगडू द्या.

अप्पांनी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही, किंवा ऐकून सोडलं. हट्ट्याचे पाहुणे ह्याच महिन्यात येतात. आमच्याकडं अजून मुलीला चालून दाखवायला लावतात. कुणी तोंडानं म्हणतं, कुणी चहा लांब बसून मागवतं. मागं एका पोरीचं स्थळ नुसत्या बारीक लचकण्यावरून मोडलं होतं.

जेवताना अप्पा मला म्हणाले, "तू तिचा मास्तर ना? मग आता सरळ चालाया शिकव."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच वाटतं की हे काम माझं आहे.

१० एप्रिल

रोज सकाळी अंगणात चालवतो. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून बैठकीपर्यंत. हातात ताट, ताटात पाण्यानं भरलेले पेले. पाणी हिंदकळलं की लंगडली असं समजायचं. ही युक्ती मायची.

पुनम ना म्हणत नाही. सांगितलं की उठते, सांगितलं की चालते.

१८ एप्रिल

आज मी पहिल्यांदा तिच्यासमोर उभा राहिलो. इतके दिवस पाय बघायचे म्हणून बाजूनं चालायचो. आज बैठकीच्या दारात उभा राहून म्हणालो, माझ्याकडं बघत ये.

ती आली. पाणी हाललं नाही. पाऊल सरळ. आणि तोंड... कसं लिहू. खालचा ओठ दातात, गालावरची शीर उडत होती, डोळे माझ्यावर होते पण मला बघत नव्हते. प्रत्येक डाव्या पावलाला पापणी एकदा लवायची. फक्त तेवढंच. बाकी सगळं शांत.

पूर्ण हिवाळा मी तिच्या मागं होतो. जीपच्या काचेतून मला तिची वेणी दिसायची, पाठ दिसायची, घाम दिसायचा. तिच्या पुढं एकदाही गेलो नाही. गेलो असतो तर हेच तोंड दिसलं असतं, रोज, त्या मोठ्या आवाजातल्या गाण्याखाली.

ताट मी घेतलं. म्हणालो, "बस कर."

"जमतंय की," ती म्हणाली. "अजून एकदा येते."

२५ एप्रिल

उद्या पाहुणे. मी दिवसभर जीप बाहेर काढली नाही. अप्पा मंडपवाल्याकडून सतरंज्या आणायला गेले, तेव्हा पुनमला गाठलं. ती कांदे निवडत होती.

म्हणालो, "उद्या लंगड. जेवढं दुखंल तेवढं लंगड. दुप्पट लंगड. ते न्हाई म्हणतील. पुढच्या भरतीला अजून वय हाय तुझं."

ती कांदा खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "अन् अप्पाला?"

"मी सांगतो. मास्तर नालायक निघाला म्हणून सांगतो. काय करतील? मारतील का?"

"खरंच म्हणतो का दादा?"

"मायची आन."

तिनं मान हलवली. मला वाटलं, डोळ्यांत थोडं काहीतरी परत आलं. एक तरी काम नीट करतोय असं वाटून आज जरा बरं वाटतंय.

२६ एप्रिल

आठ-दहा माणसं आली. विजयकुमार साधा मुलगा आहे. खाली बघून बसला होता, पंख्याच्या वाऱ्यानं टोपी उडू नये म्हणून धरून. त्याच्यावर राग धरावा असं काही नाही.

पुनम पोह्यांचं ताट घेऊन निघाली. मी बैठकीच्या दारात होतो. मनात म्हणत होतो, आता, आता टाक पाऊल वाकडं. उंबरा ओलांडला. अंगण ओलांडलं. एकही पाऊल चुकलं नाही. मी तिच्याकडं बघून मान हलवली, डोळे मोठे केले. तिनं बघितलं. ताट ठेवलं, सगळ्यांच्या पाया पडली. वाकून उठतानाही हात टेकला नाही.

विजयकुमारची आत्या म्हणाली, "बाई, जरा तुळशीपर्यंत जाऊन ये बरं."

मी म्हणालो, "आत्या, तिच्या पायाला..."

अप्पांनी मध्येच हाक मारली, "बालाजी, पाहुण्यांला पाणी आण."

मी पाणी आणून येईपर्यंत ती तुळशीपर्यंत जाऊन परत आली होती. आत्या म्हणत होती, पोरीची चाल मोठी डौलदार आहे. सुपारी फुटली. मायनं सगळ्यांना साखर वाटली.

पाहुणे गेल्यावर पुनम स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. डावा पाय लांब पसरलेला. घोटा एवढा सुजला होता की पैंजण रुतलं होतं. मी खाली बसून पैंजणाचा आकडा काढायला लागलो. निघेना.

"मी काय सांगितलं होतं तुला?" मी म्हणालो. "काहून न्हाई लंगडली?"

ती रागावली असती, रडली असती, तर मला काही सुचलं असतं.

"लई कोशिश केली दादा," ती म्हणाली. "आलंच न्हाई. दुखाया लागलं की पाय आपोआप सरळ पडतो. सवय झाली."

आकडा निघाला. मी तिचा पाय मांडीवर घेऊन बसलो. थोड्या वेळानं तिनं ताटातले उरलेले पोहे माझ्यापुढं सरकवले आणि म्हणाली, सकाळपासून काही खाल्लं नाहीस. मी खाल्ले.